दोन हजार दोनशे तीन झेंडू आणि वर एक

१ ऑक्टोबर. उद्या दसरा. सकाळपासून ओट्यावर दोन पाट्या झेंडू ओतून ठेवलाय आणि मी तोरणं ओवते आहे. चार दारं, एक मोटार, दोन दुचाक्या, शिलाई मशीन, मिक्सर आणि नवऱ्याचा संगणक. नवरा म्हणतो, कोपऱ्यावर तयार मिळतात. मिळतात, पण मला ओवायला कंटाळा येत नाही आणि त्याला गाठ मारता येत नाही. मी ओवताना फुलं मोजते. ही माझी खोड. माळ संपली की सुई काढायच्या आधी एक फूल जास्तीचं घालते. ही खोड माझी नाही, आत्याची. या दोन खोडींची एकदा भर सभेत टक्कर झाली होती. आता शेवटची पाटी उरली आहे आणि पाठ धरली आहे, तर हात धुऊन तेवढं लिहून टाकते.

मखमलाबादच्या पुढं आमचा मळा होता. तीन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत फुलं. झेंडू, शेवंती, गुलाब, ज्याचा हंगाम असेल ते. पहाटे विहिरीवरची मोटार सुरू झाली की तिची घरघर जमिनीतून खाटेच्या पायात यायची, तेच आमचं घड्याळ. मग दादांचं खाकरणं, मग आईचं भाकरी थापणं, मग आत्याच्या बांगड्या. दादा म्हणजे माझे वडील. घरातल्या सगळ्या वस्तूंना झेंडूचा वास होता. आईच्या बाजरीच्या भाकरीला, लसणाच्या चटणीला, माझ्या दप्तराला, दादांच्या मोपेडला. बाहेरचं कोणी जेवायला आलं की पहिला घास घेऊन घुटमळायचं. आम्हाला उलट लग्नाकार्यातलं जेवण अळणी वाटायचं.

आत्या दादांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत ट्रंक घेऊन परत आली. का आली हे कोणी विचारायचं धाडस करत नसे, पण ती आपण होऊन सांगायची, "त्यांच्याकडं चहात साखर मोजून घालायचे." मोजण्याचा तिला मनापासून राग. ओवायला मात्र पंचक्रोशीत तिच्यासारखं कोणी नव्हतं. डोळे रेडिओकडे, तोंड शेजारणीकडे, आणि सुई आपली सुर्र सुर्र चाललेली. तिचे नियम दोनच होते. माळ पुरी झाली की वर एक फूल घालायचं, ते देवाचं. आणि एकदा ओवलेलं फूल काढायचं नाही. "दारात आलेल्या माणसाला माघारी लावल्यासारखं होतं," असं ती म्हणायची. पुढं तिनं देवाबरोबर गिऱ्हाइकालाही 'वर एक' द्यायला सुरुवात केली, मग वर दोन, मग मूठभर. तेव्हापासून दादांनी तिचं फुलबाजारात बसणं बंद केलं आणि तिथं मला बसवलं.

बाजार पहाटे उघडायचा आणि मी नऊपर्यंत अडकायची. कॉलेजात गणिताचा तास सकाळी सातला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी होते आणि निम्मे तास बुडत होते. अमृतकर सरांनी, ते आम्हाला गणित शिकवायचे, एकदा स्पष्टच सांगितलं, "सुमन, असं नाही चालणार. एक तर ये, नाही तर विषय बदल." मी घरी येऊन दादांपुढं विषय काढला. दादा खत कालवत होते. ऐकून घेतलं, हात झटकले आणि म्हणाले, "हिशेब तर तुला येतोच. मग रोज सातला जाऊन नवं काय करती? मला समजेल असं एकदा दाखव. समजलं तर बाजाराला दुसरं माणूस बघतो. नाय समजलं तर दुपारचं कॉलेज धर, काय ते इतिहास-भूगोल." दादा वाईट माणूस नव्हते. न बघता कोणतंच बी घ्यायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

संधी लगेच आली. नवरात्रात कॉलेजात गणिताचं प्रदर्शन होतं. अमृतकर सर मूळचे नामपूरचे, एरवी शुद्ध पुस्तकी बोलायचे, पण आनंद झाला की अहिराणीत घसरायचे. त्यांचा जीव मोठमोठ्या मूळ संख्यांवर. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही अशी. सात, अकरा, एकतीस अशा लहान सगळ्यांना माहीत असतात. सरांची लाडकी सहाशे चौसष्ट अंकी होती. दोन हा आकडा दोन हजार दोनशे तीन वेळा घेऊन गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. ती संख्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लावायची असं त्यांनी ठरवलं आणि काम मला दिलं. तेव्हाच्या प्रिंटरवर एकेक अंक चांदण्या-चांदण्यांचा करून पानभर छापता यायचा. एका पानावर दोन अंक. दोन दिवस तो प्रिंटर किरकिर करत होता, शेवटी शाईची फीत पांढरी पडली. एकाला एक जोडलेल्या तीनशेवर पानांचा तो गठ्ठा मी सायकलला बांधून घरी आणला, कडा नीट कापाव्यात म्हणून, आणि पडवीत ठेवला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी बाजारातून आले तर पडवीत गठ्ठा नाही.

"दादा, इथला कागद?"

"गुलाब बांधायला घेतला. रद्दी संपली व्हती."

"अहो, त्याच्यावर छापलेलं होतं!"

"कुठं छापलेलं? नुसत्या चांदण्या तर व्हत्या. लय चांगला कागद, पाकळी दुखत नाय." मग माझं तोंड बघून म्हणाले, "काही महत्त्वाचं लिहिलं व्हतं का?"

संख्या पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेली होती. वीस-वीस गुलाबांच्या जुड्यांना गुंडाळलेली. तळाशी दोन पानं उरली होती, त्यांवर एक, शून्य, शून्य, सात. त्या दिवशी मुंबईत ज्यांनी कोणी गुलाब घेतले, त्यांच्या घरी कुठल्या तरी फुलदाणीशेजारी माझा एखादा आठ किंवा नऊ पडला असेल. सायकल मारत कॉलेजात गेले. नवी फीत नव्हती आणि संगणकाच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते सिन्नरला सासुरवाडीला गेले होते. सर म्हणाले, "राहू दे आता. तक्ता लाव एखादा." त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

परत येताना डोक्यात चक्र चालू झालं. आपण शून्य ते नऊ असे दहा अंक वापरतो. संगणक फक्त शून्य आणि एक वापरतो, त्याला द्विमान पद्धत म्हणतात. त्या पद्धतीत सरांची संख्या लिहिली तर तिच्यात एकही शून्य येत नाही. एक, एक, एक, एक, असे ओळीनं दोन हजार दोनशे तीन एक. बस्स. म्हणजे लिहायचीही गरज नाही. दोन हजार दोनशे तीन सारख्या वस्तू ओळीनं मांडल्या की झालं. मी मळ्याच्या बांधावर सायकल थांबवली. समोर दसऱ्यासाठी राखलेला झेंडू डोळे फाटेपर्यंत पिवळा उभा होता.

दादा आधी नाहीच म्हणाले. दसऱ्याच्या तोंडावर दोन हजार फुलं कोण देतो? मी म्हटलं, ओवून तर विकायचीच आहेत, एक दिवस कॉलेजात टांगून परत आणते. "पाणी मारत राहायचं," दादा म्हणाले. "आणि एक फूल कमी आलं तर बघ. मी स्वतः येतो राखणीला." माझं काम आपोआप झालं. दादा प्रदर्शनाला येणार होते.

दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत ओवायला बसलो. आई, आत्या, मी. दादा भिंतीला टेकून राखण आतापासूनच करत होते. मी शंभर-शंभरची माळ मोजून घेत होते आणि आत्याला बजावलं होतं, "शंभराला शंभर. वर काही नाही." आत्या गंभीरपणे म्हणाली, "ह्या काय पुऱ्या माळा नायत. तुकडे हायत. तुकड्याला देवाचं फूल लागत नाय." मी निर्धास्त झाले. तिथंच चुकले.

दादांना समजेल असं सांगायचं म्हणजे भावात सांगायचं. "असं समजा दादा, पहिल्या फुलाचा भाव एक रुपया. दुसऱ्याचा दोन. तिसऱ्याचा चार, चौथ्याचा आठ. दर फुलाला दुप्पट. पूर्ण माळेची जी किंमत, ती आपली संख्या."

दादा पुटपुटत मोजू लागले. बराच वेळ गेला. "वीस फुलांची हातभर माळ दहा लाखाच्या वर जाती गं!"

"कोण घेतं?" आत्यानं रेडिओ बंद केला. "रघू, कोण घेतं असल्या भावानं?"

"कोणी नाय घेत, आक्का. गणितात घेतात."

"आता माळ दोनदोनच्या जोडीनं मोजा," मी म्हटलं. "पहिली जोडी एक आणि दोन, तीन रुपये. पुढची चार आणि आठ, बारा. त्याच्या पुढची सोळा आणि बत्तीस, अठ्ठेचाळीस. प्रत्येक जोडी तीनच्या पटीत. म्हणजे माळ जोड्यांमध्ये पुरी बसली तर किमतीला तीननं भाग जाणार. शेवटी एक फूल सुटं राहिलं तर नाही जाणार."

"आन् तिनाची जुडी केली तर?"

"एक, दोन, चार. सात रुपये. जुड्या पुऱ्या बसल्या तर सातनं भाग."

मेथीच्या जुड्या त्यांनी जन्मभर बांधल्या होत्या. त्यांनी एक शंभरी ओढून घेतली आणि दोन बोटांनी जोड्या सरकवत बसले. मधूनच म्हणायचे, "पन्नास जोड्या. पुऱ्या बसल्या. ही माळ फुटती." आई म्हणाली, "फुटत नाही, मी गाठ पक्की मारलीय." संध्याकाळी बावीस शंभऱ्या आणि वर तीन फुलं एकत्र बांधायचं काम आत्यानं अंगावर घेतलं आणि मी अंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या खांबाखांबांवरून झोके देत माळ लागली. अमृतकर सरांना मी सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून म्हणाले, "काय सांगी ऱ्हायनी तू! हाई तं भारीच शे!" पाहुणे म्हणून देवळालीचे एक निवृत्त मेजरसाहेब आले होते, तोफखान्यातले, ताठ, गळ्यात सत्काराचा झेंडूचा जाडजूड हार. दादा धुतलेलं धोतर नेसून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन माळेच्या कडेनं गस्त घालत होते. आत्याही आली होती, तिला कॉलेज बघायचं होतं. मी सांगत होते, ही मूळ संख्या आहे, हिला कशानंच भाग जात नाही, मेजरसाहेब "व्हेरी गुड" म्हणत होते. तेवढ्यात दादा कोणी फूल तोडलं की काय म्हणून माळ मोजू लागले. सवयीनं, जोड्या-जोड्यांनी. पार दुसऱ्या टोकाला पोचले, थांबले, आणि तिथून बाजारात हाक मारतात तशा आवाजात ओरडले, "सुमन! हिला तीननं भाग जातोय!"

मेजरसाहेबांसकट सगळे माळेकडे वळले.

"नाही जात, दादा."

"कसा नाय? जोड्या पुऱ्या बसल्या. सुटं फूल उरलंच नाय. तूच सांगितलं ना काल, न उरलं तर तीननं जातो म्हणून?"

दोन हजार दोनशे चार. मी आणि दादांनी एकाच वेळी वळून आत्याकडे पाहिलं. ती प्रदर्शनात मांडलेल्या प्रिंटरवरचं प्लॅस्टिकचं झाकण उचलून आत बघत होती.

"आत्या, काल बांधताना वर एक घातलंस?"

"मग? पुरी माळ झाली व्हती ना?"

"काढ ते."

"नाय." आत्या झाकण सोडून माळेपाशी येऊन उभी राहिली. "ओवलेलं फूल काढायचं नसतं. तुझी संख्या मोडली तर दुसरी घे."

सर मध्ये पडले. "आजी, एकाच फुलाचा प्रश्न आहे."

"आजी कोणाला म्हणता? मी ह्या रघूपेक्षा तीनच वर्षांनी मोठी हाय." मग जरा नमतं घेऊन, "काढणार नाय. पाहिजे तर आणखी घालते. किती घालू? आणखी तीन?"

सरांनी आकाशाकडे बघून हिशेब केला. "तीन घातली तर दोन हजार दोनशे सात. फुलांच्या या आकड्याला भाग जात नाही खरा, पण तेवढं पुरत नाही. अकरा फुलांचंच बघा. अकराच्या जुड्या होत नाहीत, पण त्या माळेची किंमत दोन हजार सत्तेचाळीस, आणि तिला तेवीसनं भाग जातो."

"अकरा शुभ असतात," आत्या दुखावून म्हणाली.

"शुभ असतात, पण फुटतात. दोन हजार दोनशे सातचंही तेच." सर भिंतीवरच्या तक्त्याकडे धावले. अशा संख्या जगात थोड्याच माहीत आहेत आणि त्या सरांनी हातानं लिहून लावल्या होत्या. त्यांनी बोट फिरवलं. "दोन हजार दोनशे तीननंतरची पुढची... दोन हजार दोनशे एक्याऐंशी."

"म्हणजे अजून सत्त्याहत्तर फुलं," मी म्हटलं. कुठून आणणार?

आत्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग ती मेजरसाहेबांसमोर गेली आणि म्हणाली, "साहेब, मान वाकवा." त्यांना वाटलं आणखी एक सत्कार. त्यांनी मान वाकवली. आत्यानं हार वरच्या वर काढून घेतला आणि खाली बसून सोडायला लागली. ओवलेलं फूल काढायचं नाही हा नियम दुसऱ्यांच्या ओवण्याला लागू नसावा. हारात एक्कावन्न निघाली. उरलेली सव्वीस सभागृहाच्या दारावरच्या तोरणातून. प्राचार्य तोंड उघडायला गेले, तर मेजरसाहेबच म्हणाले, "लेने दीजिए. नंबर पूरा होना चाहिए." आणि रिकाम्या गळ्यानं ते स्वतः मोटारीची काच पुसावी इतकं मन लावून सुटी फुलं देठाकडून साफ करून देऊ लागले.

शेवटचं फूल ओवून झालं. आत्याचा हात सवयीनं तोरणाच्या जास्तीच्या फुलांकडे गेला. तिच्या हातात एक फूल आलं. सर, मी, दादा, मेजरसाहेब, सगळ्यांची नजर त्या सुईवर.

"आक्का!" दादा ओरडले.

आत्यानं सुस्कारा सोडला आणि ते फूल मेजरसाहेबांच्या हातात ठेवलं. "घ्या साहेब, वरचं." माझ्याकडच्या एक-शून्य-शून्य-सातच्या पानांचाही आता उपयोग नव्हता. नवी संख्या सहाशे सत्त्याऐंशी अंकी, ती तीनशे एक्कावन्नवर संपते.

पुढं जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. दादा तांब्या खाली ठेवून व्हरांड्याच्या मधोमध उभे राहिले. कांदा घेऊन ते जन्मभर लासलगावला गेले होते, लिलाव त्यांच्या घशात बसलेला. "बोला! दोनाची जुडी? एक उरलं, नाय जात! तिनाची? एक उरलं, नाय जात! पाचाची?" मागून कोणीतरी मुलगी ओरडली, "एक उरलं!" "नाय जात! साताची? सहा उरली! बोला, हाय का कोणी फोडणारा?" व्हरांड्यात लोक जमले, जो तो आपापला आकडा ओरडत होता आणि दादा प्रत्येकाला हातानं उडवून लावत होते. मेजरसाहेबांनी सतरा सांगून पाहिलं. तीन उरली. सर माझ्या कानात कुजबुजले की एवढ्यानं सिद्ध होत नाही, खरी तपासणी वेगळी असते आणि ती यंत्रानं केलेली आहे. मी म्हटलं, सर, आत्ता नको.

मी गेली कितीतरी वर्षं बारावीला गणित शिकवते आणि भाग जातो की नाही हे इतक्या मोठ्या आवाजात कधीच शिकवू शकले नाही. मध्यंतरी दादांना मी सांगितलं की तुम्ही मोबाईलवरून पैसे पाठवता ना, त्याच्या कुलपात असल्याच दांडग्या मूळ संख्यांचं काम असतं. दादा म्हणाले, "मग? मी तवाच सांगितलं व्हतं, फुटणार नाय."

त्या संध्याकाळी मात्र घरी येताना ते फक्त माळ सुकतेय का तेवढंच बघत होते. माळ ओल्या पोत्यात घालून मोपेडला बांधली होती. जेवताना आईनं विचारलं, काय झालं तिथं, तर म्हणाले, "माल उलट वाढून आला." बाजाराचं काय, सकाळचं काय, हे विचारायची ती वेळ नव्हती, आणि न विचारता ते सांगणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी नेहमीसारखी पहाटे उठले, पोतं घेतलं आणि फुलबाजारात जाऊन बसले. गर्दी लवकर सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक रिक्षावाला होता. "ताई, पुढच्या काचेपुरती द्या." मी कात्री घेतली आणि काल ज्या संख्येला सगळं कॉलेज भाग देऊ शकलं नाही तिचा हातभर तुकडा कापला. मग दुकानाच्या शटरला, मग पिठाच्या गिरणीला, मग एका हातगाडीला. दोरा कट् कट् तुटत होता, काही वाटलं नाही. साडेसहाच्या सुमाराला गर्दीतून मोपेडचा आवाज आला. दादा होते, आणि मागं आत्या, नवं लुगडं नेसून, मांडीवर स्वतःचा बसायचा पाट.

"दुसरं माणूस मिळालं," दादा तोंड वाकडं करून म्हणाले. "निम्मा माल फुकट वाटणार, ठाऊक हाय मला. ऊठ तू. सातला तास ना तुझा?"

मी उठले. आत्या माझ्या जागेवर पाट टाकून बसली, कात्री घेतली आणि समोरच्या बाईला तुकडा कापून देऊन वर एक फूल ठेवलं, मग आणखी एक. दादांनी डोळे मिटून घेतले. मी सायकल काढली आणि पाच मिनिटं आधी पोचून पहिल्या बाकावर बसले.